घट्ट गोळा म्हणजे टिकाऊ आमिष?
रोहू-मृगळ मासे गळाने धरायला कणीक कोरडी, दगडासारखी घट्ट मळली की गोळा गळावर टिकतो, असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. हाताला तो गोळा मजबूत लागतो, म्हणून पटतोही. पण कणीक धरून ठेवतो तो ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचा, चिवटपणा, आणि पुरेसं पाणी मिळाल्याशिवाय तो येत नाही. कोरडा गोळा तळ्यात पाणी शोषतो, तडकतो, सुटतो. बेसनात, पेंडीत ग्लुटेन नाहीच. ती वासापुरती घाला. पोळीसारखी कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवा, मग गोळे दोनेक मिनिटं उकळा. वरचा थर शिजून चिवट होतो. खात्री करायची तर कोरडा आणि उकळलेला, दोन्ही गोळे गळांना लावून पाण्याच्या ग्लासात अर्धा तास सोडून बघा. गळाचं टोक मात्र उघडं राहू द्या, कारण हे मासे आमिष तोंडात ओढतात तसंच झटकन थुंकतातही.