वावरातून अंगणात : विदर्भातल्या परसबाग उपक्रमांची पार्श्वभूमी

मृगाच्या तोंडावर विदर्भातल्या गावोगावी आता परसबागेची प्रशिक्षणे होतात. अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात बचत गटाच्या बाया जमतात, फळ्यावर गोल वाफ्यांचे चित्र निघते, शेवटी बियांची पाकिटे वाटली जातात. या उपक्रमांचे कारण म्हणून बहुतेक वेळा रक्तक्षयाचे आकडे सांगितले जातात आणि ते गंभीरच आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण 2015-16 मध्ये 48 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 54.2 टक्क्यांवर गेले. मात्र भाजी ताटातून गेली कशी, हे समजायचे तर आधी कापसाच्या वावरात, म्हणजे शेतात, जावे लागते.

अमेरिकेतील यादवीच्या काळात (1861-65) वऱ्हाडच्या कापसाला परदेशात मागणी आली, मागोमाग रेल्वे आली आणि इथली शेती बाजाराला बांधली गेली. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची गांधीजींची पद्धत, पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत मुलांनी भाजीपाला पिकवणे हा अभ्यासाचाच भाग होता. स्वातंत्र्यानंतर 1952 च्या सामुदायिक विकास कार्यक्रमापासून ग्रामसेवकांच्या कामात भाजीचे वाफे अधूनमधून येत राहिले. तरी गावाला ते कोणी शिकवावे लागत होते असे नाही, कारण भाजी वावरातच होती.

पश्चिम विदर्भातले तेव्हाचे कापसाचे वावर म्हणजे निव्वळ कापूस नव्हे. ठरावीक ओळींनंतर तुरीचे तास, मध्ये मूग, उडीद, चवळी, बरबटी, धुऱ्याला (बांधाला) अंबाडी, कुठे भेंडी, कुठे वाळकाचा वेल. एका बाजूला घरापुरती ज्वारी. याशिवाय न पेरता आपोआप उगवणारे वेगळेच. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत तरोटा, केना, घोळ, चिवळ अशा रानभाज्या घेऊन यायची. पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत घरात विकतची भाजी क्वचितच यायची. परसात कवेलूच्या छपरावर चढवलेला दोडका, मांडवावरचा वाल, न्हाणीच्या पाण्यावरचा मुनगा (शेवगा), आळू आणि सांबार (कोथिंबीर) ही त्या वावराची पुरवणी होती.

ही घडी गेल्या तीन-चार दशकांत मोडली. आधी सोयाबीन आले आणि ज्वारी, मूग, उडदाची जागा घेत गेले. 2002 मध्ये बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या कापसाला मंजुरी मिळाली. महाग बियाण्याच्या वावरात दुसऱ्या पिकाचे तास सोडणे परवडेना, म्हणून कापूस सलग झाला. मजुरी वाढली तसे निंदण मागे पडून तणनाशक आले. तणनाशकाच्या लेखी घोळ आणि केना ही तणेच. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात मंजुरी नसलेले, तणनाशक सहन करणारे कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरण्याचे आंदोलन झाले. मजुरीने जेरीस आलेल्या शेतकऱ्याची निकड त्यामागे होती, हे नाकारता येत नाही. पण अशा कापसावर वरून फवारा मारला की त्यात चवळी जगत नाही, अंबाडीही जगत नाही. त्याआधी 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली होती. कापसातून भाजी खुडून आणायची भीती तेव्हा घराघरात बसली.

2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज दिले. व्याजमाफी, सिंचन, बियाणे बदल, फलोत्पादन, दुभती जनावरे हे सगळे त्यात होते. घरच्या ताटाचा विचार मात्र दुय्यम राहिला. तो पुढे नेला तो शेतकरी महिलांसोबत काम करणाऱ्या छोट्या संस्थांनी, विशेषतः वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत. 2011 नंतर बचत गटांचे सरकारी अभियान सुरू झाले, 2018 मध्ये पोषण अभियान आले, 2019 मध्ये शाळांच्या पोषणबागांसाठी केंद्राच्या सूचना निघाल्या. करोनाच्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले तेव्हा परसबागेचे महत्त्व अधिकाऱ्यांना वेगळे पटवून द्यावे लागले नाही. मधोमध पपई किंवा मुनगा आणि भोवती सात वाफे, म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एक, ही रचना या काळात गावोगाव पोहोचली. जागेचा, सांडपाण्याचा आणि घरच्या खाण्याचा विचार एकत्र करणारी ही रचना चांगलीच आहे.

वाद आहे तो पाकिटातल्या बियांचा, आणि उपक्रम टिकणार की नाही हे ठरवणारा निर्णय तोच आहे.

सरकारी वाटपाचे बी खरेदी करावे लागते. खरेदीला दरपत्रक लागते, बिल लागते, उगवणशक्तीचे लेबल लागते. गावठी वांग्याचे बी गाडग्यात राखेत घालून जपणाऱ्या बाईकडे यातले काहीच नसते. त्यामुळे वाटपात कंपन्यांची पाकिटे आली आणि त्यांत संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर आले. बी गुलाबी किंवा निळ्या औषधात घोळलेले, पाकिटावर खाण्यास अयोग्य अशी सूचना. पहिल्या वर्षी माल भरघोस निघतो, फोटो चांगले येतात, अहवालात बागांची संख्या भरते. संकरित दोडक्याचे बी धरून पुढल्या साली लावले की पिढी फुटते. कोणता वेल कडू, कोणता उशिरा धरणारा, कोणता न धरणाराच. दुसऱ्या मृगाला नवे पाकीट आले तर बाग होते, नाही आले तर तिथे सरपण रचले जाते.

प्रशासनाची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. हजारो घरांना एकाच वेळी बी पुरवायचे आणि ते उगवले नाही तर जबाबदार कोण, हा प्रश्न खराच आहे. गावठी ते सगळे चांगले असेही नाही. पावसाळ्यात गावठी भेंडीवर केवडा रोग पडला की पाने पिवळी पडून झाड वाया जाते, तिथे परभणी क्रांतीसारखा रोगाला सहजी दाद न देणारा वाण कामाचा आहे. पण परभणी क्रांती संकरित नाही, सरळ वाण आहे. तिचे बी घरी धरता येते. कृषी विद्यापीठांकडे भेंडी, वांगी, पालक, मेथी, चवळीचे असे सरळ वाण आहेत, लेबलसकट मिळतात. खरेदीचा नियम न मोडताही पाकिटात तेच देता येते. आणि बायांनी आपसात बी देण्या-घेण्याला कायद्याची आडकाठी नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम 39 ने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिलेला आहे. प्रशिक्षणात हे सांगितले गेले पाहिजे, सात वाफ्यांच्या चित्राइतक्याच ठळकपणे.

बी धरणे हेसुद्धा शिकवण्याचेच काम आहे. दोडका वेलावरच खडखडीत वाळू द्यायचा. पहिले, निरोगी, मधल्या वेलाचे फळ राखायचे, शेवटचे उरलेसुरले नव्हे. कोहळ्याच्या दोन जाती जवळ लावल्या तर मधमाश्या त्यांची सरमिसळ करतात, वालाचे तसे सहसा होत नाही. ही माहिती साठीपुढच्या बायांना आहे. त्यांच्या सुनांपर्यंत ती आलेली नाही, कारण मधली वीस वर्षे घरात बी धरण्याची गरजच पडली नव्हती. चुलीच्या धुरावर टांगलेली कणसे आणि दोडके गॅसच्या स्वयंपाकघरातून गेले, त्यामुळे कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला, राख आणि हवाबंद डबा हे नव्याने सांगावे लागते.

पूर्व विदर्भाची गोष्ट थोडी निराळी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात बांधावर तूर, घराभोवती वाडी आणि जवळ जंगल असल्याने रानभाजी पूर्णपणे तुटली नाही. तिथे अडचण माकडांची आणि रानडुकरांची, म्हणजे कुंपणाची. वाटपाच्या यादीत कुंपण बहुधा नसतेच. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात बोअरचे खारे पाणी वाफ्याला देता येत नाही, त्यामुळे होळीनंतर बाग उभी ठेवायची तर नळाच्या किंवा सांडपाण्याच्या गोड्या पाण्यावरच. कापूस, धान आणि खारपाण या तिन्ही पट्ट्यांना एकच पाकीट आणि एकच तारीख देण्याची पद्धत अजून चालू आहे. काही गावांत मात्र महिलांच्या गटांनी स्वतःच्या बी-पेढ्या सुरू केल्या आहेत. वाटीभर बी न्यायचे आणि हंगाम संपला की दोन वाट्या परत करायच्या, असा त्यांचा व्यवहार.