व्हीडीआयची पार्श्वभूमी: की दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत

व्हीडीआय म्हणजे व्हर्च्युअल डेस्कटॉप इन्फ्रास्ट्रक्चर. कर्मचाऱ्याच्या टेबलावर पडदा, कीबोर्ड, माऊस आणि वहीएवढी एक डबी असते. त्याचं विंडोज चालतं डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर, आणि तारेवरून येतं ते फक्त त्याचं चित्र. बँका, विमा कंपन्या, आयटी कंपन्या आज आपली कितीतरी माणसं यावर कामाला बसवतात. हा इतिहास सहसा कंपन्यांच्या खरेदी-विक्रीतून सांगितला जातो. मला तो वापरणाऱ्याच्या खुर्चीतून सांगावासा वाटतो. की दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत माणसाला जी वाट पाहावी लागते, ती कमी करण्याची साठ वर्षांची धडपड त्यात आहे.

संगणक दूर आणि माणूस टर्मिनलवर, ही मांडणी नवी नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१ मध्ये एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. यंत्र प्रत्येकाला क्षणभर वेळ देऊन पुढच्याकडे वळायचं, आणि प्रत्येकाला ते आपलंच वाटायचं. आयबीएमच्या अमेरिकेतल्याच केंब्रिजमधल्या केंद्राने याच्या पुढे जाऊन एका यंत्रात अनेक 'पूर्ण' यंत्रं भासवली. आधी सीपी-४० हा प्रयोग झाला आणि त्यातूनच वाढत गेलेलं व्हीएम/३७० १९७२ मध्ये बाजारात आलं. आभासी यंत्राची कल्पना तेव्हापासूनची आहे. आपल्याकडे रेल्वेचं संगणकीकृत आरक्षण १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत सुरू झालं तेही याच धर्तीवर: खिडकीत टर्मिनल आणि मागे मोठा संगणक. पडद्यावर फक्त अक्षरं असल्यामुळे तार बारीक असली तरी भागायचं.

मग पीसी आला आणि संगणक टेबलावर येऊन बसला. वापरणाऱ्याला मोकळीक मिळाली, पण संस्थेला हजार ठिकाणी हजार यंत्रं सांभाळावी लागली. व्हायरस, पॅच, हरवलेल्या फायली, चोरीला गेलेले लॅपटॉप यांत आयटी विभाग बुडून गेले. संगणक पुन्हा आत नेऊन ठेवावा ही इच्छा तिथून जन्मली.

पहिलं व्यवहार्य उत्तर सिट्रिक्सने दिलं. आयबीएममध्ये ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम केलेल्या एड आयाकोबुची यांनी १९८९ मध्ये ही कंपनी काढली. १९९५ च्या विनफ्रेम या त्यांच्या उत्पादनात विंडोज एनटी ३.५१ वर अनेक जण एकदम काम करू शकत. त्यामागचा आयसीए हा प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हर आणि टेबलावरचं यंत्र यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली रीत, काटकसरीचा होता. तो पडद्याचं चित्र पाठवायचा नाही. 'इथे चौकोन काढ, तिथे हा मजकूर लिही' अशा सूचना पाठवायचा. म्हणून मोडेमच्या जोडणीवरही विंडोज चालवता येत असे. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये हे तंत्र परवान्याने घेतलं, आणि १९९८ मध्ये एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली.

अडचण एकच होती, पण मोठी. सगळे जण एकाच विंडोजमध्ये राहायचे. एकाने सर्व्हर खाल्ला की बाकीचे रांगेत, आणि एकट्या माणसासाठी लिहिलेली सॉफ्टवेअरं तिथे नीट चालायची नाहीत. चाळीत नळ एकच असला की जे होतं, तेच.

प्रत्येकाला स्वतंत्र खोली देणं इंटेलच्या प्रोसेसरवर अवघड मानलं जाई, कारण त्याच्या काही सूचना आभासी यंत्राला दाद देत नसत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अशा सूचना चालता चालता बदलून टाकण्याची युक्ती केली. १९९९ मध्ये वर्कस्टेशन आणि २००१ मध्ये ईएसएक्स सर्व्हर ही त्यांची उत्पादनं आली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तशी सोय केली. तोवर काही ग्राहक ईएसएक्सवर विंडोज एक्सपी बसवून ती माणसांना देऊही लागले होते. २००६ मध्ये व्हीएमवेअरने या मांडणीला व्हीडीआय हे नाव देऊन इतर कंपन्यांची आघाडी उभी केली. सिट्रिक्सने २००७ मध्ये आभासी यंत्रांचं सॉफ्टवेअर बनवणारी झेनसोर्स ही कंपनी विकत घेतली आणि २००८ मध्ये झेनडेस्कटॉप हे आपलं व्हीडीआय आणलं.

इथे खरी गोष्ट सुरू होते, कारण सुरुवातीच्या अनेक व्हीडीआय प्रकल्पांनी वापरणाऱ्यांचा जीव नकोसा केला. दोष कुठे आहे हे कळायलाही वेळ लागला. प्रोसेसर मोकळा, मेमरी शिल्लक, तरी सकाळी नऊ वाजता लॉगिनला दहा-दहा मिनिटं. कारण होतं डिस्क. मिनिटाला १५,००० फेऱ्या घेणारी चांगली डिस्कसुद्धा सेकंदाला सुमारे १५० ते २०० वेळाच वाचू-लिहू शकते. कामात असलेला एक डेस्कटॉप सेकंदाला १० वेळा डिस्ककडे जातो असं धरलं, तर हजार डेस्कटॉपना १०,००० लागतात, म्हणजे पन्नासहून अधिक डिस्क. आणि हे झालं नुसतं चालतं काम. पाळी सुरू होताना सगळी विंडोज एकदम उठतात तेव्हा मागणी कित्येक पट होते. याला बूट स्टॉर्म म्हणतात. टेबलावरच्या पीसीत प्रत्येकाची डिस्क स्वतःची होती, त्यामुळे हे वादळ कुणाला दिसलंच नव्हतं. स्टोरेज विकत घेताना लोक टेराबाइट मोजत, आणि मोजायला हवे होते आयओपीएस, म्हणजे सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येतं ते. अशाच एका प्रकल्पात सकाळच्या रांगेत ताटकळलेली माणसं मी पाहिली आहेत. 'संगणक होता तेच बरं होतं' हे त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं.

उपाय एका रात्रीत सापडला नाही. लिंक्ड क्लोनने एकच मूळ प्रत सर्वांत वाटली आणि प्रत्येकाचा फक्त फरक वेगळा ठेवला. त्याने जागा वाचली, पण वाचनाचा ताण त्या एका प्रतीवर आला. मग ती प्रत मेमरीत ठेवायला सुरुवात झाली. फ्लॅश डिस्क स्वस्त झाल्या तेव्हा हा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला. २०१६ मध्ये व्हीएमवेअरच्या होरायझन ७ या व्हीडीआय उत्पादनात इन्स्टंट क्लोन आले. त्यात चालू असलेल्या यंत्राचीच मेमरीसकट प्रत निघते, म्हणजे नवा डेस्कटॉप जन्मतःच जागा असतो.

दुसरी लढाई चित्राची. 'चौकोन काढ' छापाच्या सूचना व्हिडिओ आणि त्रिमितीय आराखड्यांपुढे टिकेनात. कॅनडातल्या टेराडिसीने पीसीओआयपी हा प्रोटोकॉल आणला. त्यात सगळं चित्र सर्व्हरवरच तयार होतं आणि पिक्सेल दाबून पाठवले जातात. आधी थोडं पुसट, मग क्षणात स्वच्छ. नेटवर्क मंदावलं तर आपण ढोबळ चित्र बघतो, पण हात अडत नाही. २००९ च्या व्ह्यू ४ या आपल्या व्हीडीआय उत्पादनात व्हीएमवेअरने तो स्वीकारला.

अभियंते मात्र अजून बाहेरच होते. कारचा दरवाजा किंवा टर्बाइनचं पातं फिरवून पाहायचं तर ग्राफिक्स कार्ड हवं, आणि प्रत्येक डेस्कटॉपला एक कार्ड परवडत नव्हतं. २०१२ मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने सर्व्हरसाठीचं व्हीजीएक्स हे ग्राफिक्स तंत्र जाहीर केलं. त्यातून आलेल्या ग्रिड के१ कार्डावर ४ चिप आणि १६ जीबी मेमरी होती, आणि पुढे व्हीजीपीयूमुळे, म्हणजे आभासी ग्राफिक्स चिपमुळे, एक चिप अनेक डेस्कटॉपमध्ये वाटता येऊ लागली. संस्थांसाठीचं उच्च क्षमतेचं व्हीडीआय खऱ्या अर्थाने इथून सुरू झालं असं मी मानतो. गोपनीय आराखडे इमारतीबाहेर न जाता बाहेरच्या माणसाला त्यांवर काम करता येऊ लागलं, आणि वाहन उद्योगासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

पैशाची बाजूही सांगायला हवी. व्हीडीआय स्वस्त पडतं ही समजूत अनेक व्यवस्थापनांना महागात पडली. सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्क यांच्यावर मायक्रोसॉफ्टचा परवाना वेगळा. २०१० पासून स्वतःचं विंडोज नसलेल्या थिन क्लायंटसाठी, म्हणजे टेबलावरच्या त्या डबीसाठी, व्हीडीए नावाचा परवाना घ्यावा लागे, दर उपकरणामागे वर्षाला १०० डॉलर. त्यामुळे बचतीची आकडेमोड अनेकदा जुळायची नाही. टिकले ते प्रकल्प सुरक्षेसाठी आणि सांभाळायच्या सोयीसाठी उभे राहिलेले.

पुढे डेटा सेंटरही भाड्याने मिळू लागलं. ॲमेझॉन वर्कस्पेसेस २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आणि मायक्रोसॉफ्टचं विंडोज व्हर्च्युअल डेस्कटॉप ३० सप्टेंबर २०१९ ला. सहा महिन्यांतच करोना आला. १३ मार्च २०२० ला दूरसंचार विभागाने घरून काम करण्याच्या अटी शिथिल केल्या आणि २५ मार्चला देश बंद झाला. पुण्या-मुंबईत कंपन्यांचे डेस्कटॉप अक्षरशः गाड्यांत घालून घरोघरी पोहोचवले गेले. ज्यांच्याकडे व्हीडीआय आधीपासून होतं त्यांना खोके हलवावे लागले नाहीत. मात्र त्यांचे परवाने आणि गेटवे, म्हणजे बाहेरून आत येण्याची दारं, मोजक्याच लोकांच्या हिशेबाने घेतलेले होते, आणि ते वाढवायला रात्री जागवाव्या लागल्या.

त्यानंतर मालक बदलले. सिट्रिक्स २०२२ मध्ये खासगी गुंतवणूकदारांकडे गेली. व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली, आणि तिचा डेस्कटॉप विभाग २०२४ मध्ये ऑम्निसा या नावाने वेगळा झाला. ज्या संस्थांचे हजारो डेस्कटॉप यांवर उभे आहेत, त्यांना नूतनीकरणाच्या वेळी पर्याय तपासून पाहणं भाग पडलं आहे.

डिस्क, चित्र आणि ग्राफिक्स यांची वाट बरीच मोकळी झाली. अंतराची झालेली नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद लागतात. मुंबई ते फ्रँकफर्ट हे अंतर सरळ रेषेतच सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे, आणि समुद्रातल्या केबल सरळ रेषेत जात नाहीत. म्हणून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची क्लाउड केंद्रं पुणे, मुंबई आणि चेन्नईत आली, ही व्हीडीआयच्या दृष्टीने नव्या प्रोटोकॉलइतकीच मोलाची घटना होती. हिंजवडीत बसून आराखडा फिरवणाऱ्या अभियंत्याचं विंडोज पुण्यातच चालत असेल, तर माऊस हलवल्याबरोबर तो फिरतो.