अर्धा लिटर म्हणजे किती?

बाळ बाहेर आलं की आमच्याकडे ‘मोकळी झाली’ म्हणतात. सगळे बाळाभोवती जमतात, कुणीतरी पेढ्यांना पळतं. खरं तर बाळंतिणीला रक्त किती जातंय, हे डोळ्यांत तेल घालून बघायची वेळ तेव्हाच सुरू होते.

जार, म्हणजे वार, सुटली की ती चिकटली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त खेळत असतं. ते थांबवायचं काम गोठण्याच्या आधी गर्भाशयाचा स्नायू करतो. त्याचे आडवेतिडवे तंतू वाहिन्यांना वेढून असतात. ते आवळले की पोत्याच्या तोंडाची सुतळी ओढावी तशा वाहिन्या मिटतात. म्हणून सिस्टर बेंबीजवळ हात ठेवून चाचपत असते. नारळासारखा टणक गोळा लागला तर बरं. भिजवलेल्या कणकेसारखं लिबलिबीत लागलं, तर ती लगेच चोळायला लागते. अतिरक्तस्राव झालेल्या दहा बायकांपैकी साधारण सात जणींचं कारण हेच, न आवळलेलं गर्भाशय.

जुळं असलं, बाळ मोठं असलं, पाणी जास्त असलं, कळा फार लांबल्या, की स्नायू थकतो. जारेचा तुकडा आत राहिला, तर त्याला नीट आवळताच येत नाही. आधीच्या सिझेरियनच्या व्रणात जार रुतली असेल, तर मोठ्या दवाखान्याशिवाय इलाज नाही. पण ‘जोखमीची’ आणि ‘बिनजोखमीची’ ही वाटणी मला फारशी पटत नाही, कारण यातलं काहीही नसलेल्या कितीतरी बायकांनाही धो-धो जातं.

एका गोष्टीवर मात्र नऊ महिने हातात असतात: अंगातलं रक्त. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. सातपुड्याच्या पाड्यांवर त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर. धडधाकट बाई जेवढं सोसते, तेवढं गेलं तर अशक्त बाई कोसळते.

आणि गेलं किती, हे डोळ्यांना कळत नाही. मी एकदा दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीने मापून बिटाचं पाणी जुन्या गोधडीवर ओतलं आणि घरातल्यांना अंदाज विचारला. ‘पेलाभर असेल,’ म्हणाले. गोधडी निम्म्याहून जास्त पिऊन बसली होती. प्रसूतिगृहातही डोळ्यांचा अंदाज असाच कमी भरतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांत बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली आणि रेघ ओलांडताच चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी हे सगळं एकदमच सुरू केलं. गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी घटले. हे 2023मध्ये प्रसिद्ध झालं. पूर्वी 500 मिलीची वाट पाहत. आता नाडी किंवा रक्तदाब बिघडला असेल, तर 300 मिलीलाच उपचार सुरू करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उपचारातलं पहिलं औषध गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, आणि ते राहायला हवं 2 ते 8 अंशांत! मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा 45ला टेकतो, त्यात वीज गेली की फ्रिज नुसतं कपाट. उन्हात तापलेलं इंजेक्शन दिसायला तसंच, पण जोर गेलेला. उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन 2018मध्ये भारतासह दहा देशांत पारखलं गेलं. योनीमार्गे झालेल्या बाळंतपणांत अतिरक्तस्राव टाळायला ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचं निघालं. त्याला फ्रिज लागत नाही.

रक्ताची गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तरच कामाचं. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या आतल्या पाड्यावरून झोळीत घालून बाईला रस्त्यापर्यंत आणण्यातच त्यातला मोठा वेळ जातो. म्हणून घरीच बाळंतपण होणार असं दिसलं, तर तिथे गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचं मोल मोठं: 200 मायक्रोग्रॅमच्या तीन, बाळ बाहेर आल्यावर. पण पोटात दुसरं बाळ नाही ना, हे आधी चाचपूनच.