घातक रासायनिक कचऱ्याच्या शेडमध्ये फ्लेमप्रूफ फोर्कलिफ्ट: पात्रता, कागदपत्रे आणि वापर

तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथले सामायिक घातक कचरा प्रकल्प असोत किंवा एखाद्या कारखान्याचे स्वतःचे साठवण शेड, वापरून झालेले सॉल्व्हंट, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारी द्रव रसायने, तिथे ड्रममध्येच येतात आणि ड्रम उचलायला फोर्कलिफ्ट लागते. टोल्युइन या सॉल्व्हंटचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी मिळाल्यास पेटेल इतकी वाफ सुटू लागण्याचे तापमान, सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे, अ‍ॅसिटोनचा तर शून्याच्याही खाली. त्यामुळे थंडीच्या दिवसांतही सैल बुचातून निघालेली वाफ पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि साध्या फोर्कलिफ्टची मोटर, कॉन्टॅक्टर (वीजप्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि काँक्रीटवर घासणारे काटे त्याच उंचीवर असतात. म्हणून अशा जागी स्फोटसंरक्षित, कामगारांच्या भाषेत फ्लेमप्रूफ, फोर्कलिफ्ट लागते.

यासाठी एका खिडकीवर मिळणारा एकच परवाना नाही. कागदपत्रे वेगवेगळ्या ठिकाणची असतात आणि ती एकमेकांशी जुळावी लागतात. बहुतेक ठिकाणी गाडी आधी विकत घेतली जाते आणि कागद नंतर जमवले जातात. हा क्रम उलटा आहे.

सुरुवात कचऱ्याच्या यादीपासून करा. कोणता कचरा, त्याचा फ्लॅश पॉइंट किती, तो आपोआप पेटण्याचे तापमान किती आणि कशासोबत ठेवायचा नाही, हे लिहून काढा. त्यावरून जाणकाराकडून जागेचे झोन ठरवून नकाशा करून घ्या. त्यासाठीचे मानक आयएस/आयईसी ६००७९-१०-१. स्फोटक वाफ सतत किंवा दीर्घकाळ असते तो झोन ०, नेहमीच्या कामात अधूनमधून येण्याची शक्यता असते तो झोन १, सहसा येत नाही आणि आलीच तर थोडाच वेळ टिकते तो झोन २. झोन ० मध्ये फोर्कलिफ्ट न्यायचीच नाही. ड्रम उघडून एकत्र ओतण्याची जागा आणि बंद ड्रम रचून ठेवण्याची जागा यांचे झोन सहसा वेगळे निघतात. तेव्हा एकच गाडी दोन्हीकडे फिरणार असेल, तर ती कडक झोनसाठीची हवी.

आता गाडीची नेमप्लेट. तिच्यावर वायूगट (गाडी कोणत्या प्रकारच्या वायू-वाफेत चालेल तो गट) आणि तापमानवर्ग कोरलेले असतात. प्रोपेन आयआयए गटात, इथिलीन आयआयबी गटात, हायड्रोजन आणि अ‍ॅसिटिलीन आयआयसी गटात. तापमानवर्ग म्हणजे गाडीच्या पृष्ठभागाची कमाल उष्णता: टी-३ साठी २०० अंश, टी-४ साठी १३५, टी-६ साठी ८५. टोल्युइन साधारण ४८० अंशांना आपोआप पेटते, तिथे टी-३ पुरेसा होतो. डायएथिल ईथर मात्र १६०-१७० अंशांच्या आसपासच पेटते, त्यामुळे त्याचा एक ड्रम जरी येणार असेल तरी टी-४ हवा. यादी अर्धवट असेल तर निवडही चुकते, म्हणून इतका आग्रह.

जागेला पेट्रोलियम नियम, २००२ लागू होत असतील, तर धोक्याच्या क्षेत्रातल्या विद्युत उपकरणांना पेसोची, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची, मान्यता लागते. हा अर्ज सहसा उत्पादक किंवा आयातदार करतो. वापरणाऱ्याने त्याच्याकडून मान्यतापत्र, चाचणी अहवाल आणि नेमप्लेटचा फोटो मागून घ्यावा. मॉडेल क्रमांक तिन्हींवर सारखा हवा. नुसती मोटर प्रमाणित असली म्हणून पूर्ण गाडी प्रमाणित ठरत नाही. अँटीस्टॅटिक टायर, काट्यांवरचे पितळी किंवा स्टेनलेस आवरण, बॅटरीची पेटी, दिवे, हॉर्न, सगळे त्यात धरलेले असावे लागते.

कचरा हाताळण्याचे प्राधिकारपत्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. घातक आणि इतर कचरा नियम, २०१६ च्या नियम ६ प्रमाणे नमुना १ मध्ये अर्ज करायचा. आपल्याकडे तो संमतीपत्रासोबत एकत्रित, ऑनलाइन भरता येतो. सोबत स्थापनेचे आणि चालवण्याचे संमतीपत्र लागते, नूतनीकरणाला अनुपालन अहवालही. सुरक्षित हाताळणीच्या व्यवस्थेची माहिती देताना झोनचा नकाशा आणि गाडीची कागदपत्रे जरूर जोडा. प्राधिकारपत्र नमुना २ मध्ये मिळते आणि ५ वर्षे चालते. मुदत संपण्याच्या ३ महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करता येतो.

याच नियमांतला नियम ४ जागेवर काम करणाऱ्यांना प्रशिक्षण, साधने आणि माहिती देण्याची जबाबदारी ताबेदारावर, म्हणजे जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर, टाकतो. चालक कंत्राटदाराचा आहे, हे कारण तिथे चालत नाही. चालकाकडे फोर्कलिफ्टच्या प्रशिक्षणाचा दाखला, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि या ठराविक शेडसाठी व्यवस्थापनाने दिलेले लेखी अधिकारपत्र असावे. मोटारीचे लायसन्स म्हणजे हे प्रशिक्षण नव्हे. झोनच्या खुणा आणि ड्रमवरचे लेबल त्याला स्वतःला वाचता आले पाहिजेत, नाहीतर ते मराठीत किंवा त्याच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजेत.

प्रत्यक्ष वापरात सर्वात जास्त दुर्लक्ष बॅटरीकडे होते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेटू शकतो. चार्जिंग झोनच्या बाहेर, हवेशीर जागीच करा. फुगलेला किंवा गळणारा ड्रम काट्यावर घेऊ नका. आधी सेफ्टी ऑफिसरला बोलवा. चालकाच्या खिशातला साधा मोबाइलही झोनमध्ये चालणार नाही. काट्यांची टाच, म्हणजे काटा जिथे वळतो तो भाग, १० टक्के झिजली की काटे बदलायचे असतात, पण पितळी आवरणाखाली झीज दिसत नाही, म्हणून तपासणीत जाडी मोजून नोंदवा.

हलत्या विद्युत उपकरणांची जवळून तपासणी वर्षातून किमान एकदा करावी, असे आयएस/आयईसी ६००७९-१७ सांगते. बॅटरीच्या पेटीसारखे वरचेवर उघडले जाणारे भाग दर ६ महिन्यांनी पूर्ण तपासायचे. दुरुस्ती मात्र गल्लीतल्या गॅरेजात नको. फ्लेमप्रूफ पेटीचा एक बोल्ट कमी बसला, केबलचा ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथला घट्ट बसणारा जोड) साधा लावला किंवा कुणी हौसेने एलईडी दिवा जोडला, तर प्रमाणपत्रावर विसंबता येत नाही. अशी गाडी दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत चावी काढून, पाटी लावून झोनबाहेर उभी करा. अपघात झालाच तर मंडळाला ताबडतोब कळवून नमुना ११ मध्ये अहवाल द्यावा लागतो. त्यासोबत तपासणीची नोंदवही आणि चालकाचे अधिकारपत्र तयार ठेवा.