लहान मुले आणि पडद्यावरचे चित्र : पार्श्वभूमी
चित्रातली वस्तू ओळखणे आणि ती खरी वस्तू नसून तिचे चित्र आहे हे समजणे, या दोन पायऱ्या वेगळ्या असल्याचे संशोधनातून हळूहळू स्पष्ट झाले. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, चित्रांपासून जवळजवळ दूर ठेवून वाढवलेल्या १९ महिन्यांच्या मुलाने रेखाचित्रांतल्या ओळखीच्या वस्तूंची नावे बरोबर सांगितली. पुढे १९९८ मध्ये असे दिसले की ९ महिन्यांची मुले छापील वस्तू चिमटीत उचलू पाहतात, तर १९ महिन्यांची मुले तिच्याकडे बोट दाखवतात. अंकलिपीतल्या अननसावर नखे घासणारे बाळ कोल्हापुरातल्या कोणत्याही अंगणवाडीताईंनी पाहिलेले असते.

पडद्याचे कोडे मात्र अधिक अवघड ठरले. शेजारच्या खोलीत खेळणे लपवतानाचे दृश्य टीव्हीवर पाहिलेल्या दोन वर्षांच्या मुलांना ते खेळणे बहुधा सापडत नसे. तेच दृश्य खिडकीतून पाहिले, की ती थेट त्या जागी जात. अडीच वर्षांच्या मुलांना टीव्हीवरूनही ते बऱ्यापैकी जमे. म्हणजे दिसत सगळ्यांनाच होते. पडद्यावरच्या घटनेचा आपल्या खोलीशी संबंध आहे, हे धाकट्यांना पटत नव्हते.

सर्वाधिक वाद झाला तो अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये दिलेल्या सल्ल्यावर. दोन वर्षांखालील मुलांना टीव्ही दाखवू नये, असे तो सांगत होता. त्या वेळी इतक्या लहान मुलांविषयी थेट पुरावा तुटपुंजा होता, त्यामुळे सल्ल्याचा आधार मुख्यतः सावधगिरी हाच होता, आणि आक्षेपही त्यालाच होता. तरीही त्याची दिशा योग्य होती, असे म्हणावे लागते. कारण मोठ्यांशी समोरासमोर होणाऱ्या बोलण्याची जागा टीव्ही घेतो, ही त्यामागची काळजी रास्त होती. त्याची उणीव वेगळीच होती : समोरून उत्तर देणारा पडदा त्यात गृहीतच नव्हता. २००६ च्या एका प्रयोगात, पडद्यावरची व्यक्ती मुलाला नावाने हाक मारून त्याच्याशी खेळली, तेव्हा दोन वर्षांच्या मुलांनी तिने सांगितलेल्या जागी खेळणे शोधले. २०१६ मध्ये त्याच संघटनेने दीड वर्षाखालील मुलांसाठी व्हिडिओ कॉलचा अपवाद मान्य केला. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या बापाला व्हिडिओ कॉलवर चेंडू दाखवणाऱ्या, शिवाजी पेठेतल्या आजीजवळच्या नातवाला हा अपवाद नेमका लागू पडतो, मात्र “बाबा काय म्हणाला रे?” असे विचारणारी आजी शेजारी हवी.

भारतीय बालरोगतज्ज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही दोन वर्षांखालील मुलांना नातेवाइकांशी अधूनमधून होणारे व्हिडिओ कॉल तेवढे मोकळे ठेवले आहेत. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, अशी मर्यादा आहे.