सूचना की तक्रार?

कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीत कुणाला अर्ज लिहायचा असला की माझं दार वाजतं. परवा वरच्या मजल्यावरच्या ताई आल्या. मुलांच्या मानसिक आरोग्यसेवांच्या सरकारी मसुद्यावर नागरिकांनी सूचना द्यायच्या होत्या, म्हणून त्यांनी वहीच्या पानावर लिहून आणलं होतं: 'मुलाला घेऊन तीनदा गेले. केसपेपर काढला, दीड तास बसले, मग कळलं की मुलांचे डॉक्टर आज नाहीत. त्याची शाळा बुडाली, माझा खाडा झाला.' वर ठळक अक्षरात मथळा, 'सूचना'.

ही सूचना नव्हे, तक्रार आहे. तक्रार म्हणून अगदी चोख, फक्त तारखा हव्यात. पण सूचनांच्या गठ्ठ्यात ती गेली तर कुणी तिचा निपटारा करणार नाही, कारण तिथे बसलेला माणूस मसुदा सुधारायला बसलाय, त्या दिवशी डॉक्टर का नव्हते हे विचारायला नाही. उलटही होतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, म्हणजे सरकारी कार्यालयात लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस. तिथे वैयक्तिक तक्रारच चालते. 'सगळ्या मुलांसाठी अमुक करा' हे तिथे बसत नाही.

मग त्याच पानातून सूचना काढली. ताईंना विचारलं, डॉक्टर असते तरी शाळा बुडालीच असती ना? म्हणाल्या, हो की. झालं, लिहा: 'मुलांची ओपीडी आठवड्यातून एक दिवस तरी शाळा सुटल्यावर ठेवावी. डॉक्टर येणार नसतील तर केसपेपर काढण्याआधी खिडकीवरच सांगावं.' यात ना मुलाचं नाव, ना आजार. सूचना किती टेबलांवर फिरेल सांगता येत नाही, म्हणून नाव नकोच. तक्रारीत मात्र केसपेपरचा नंबर लागतो.

खरा गोंधळ पुढे झाला. ताईंना आणखी एक ओळ हवी होती: 'दाखल केलेल्या मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवावं.' मी ती खोडली. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये हे आधीच आहे. कलम ८७ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवायचं आणि घरचं किंवा नेमलेलं माणूस पूर्ण वेळ त्याच्याजवळ राहायचं. जे कायद्याने मिळालंय ते 'करावं ही विनंती' म्हणून मागितलं की आपणच त्याची भीक करून टाकतो. ते मिळालं नाही तर तक्रार. दाखल रुग्णाबाबत कलम २८ खाली आधी त्या संस्थेच्या प्रमुखाकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे.

शाळेतल्या समुपदेशकाचंही तेच. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. तेव्हा 'समुपदेशक नेमा' ही सूचना नाही. 'त्यांना दार बंद होईल अशी खोली द्या, स्टाफरूमच्या कोपऱ्यातलं टेबल नको' ही सूचना.

माझी स्वतःची एक सूचना मी त्यात घुसवली. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, आणि 'ह्याला ठाण्याला पाठवा' हा विनोद आपण सगळ्यांनीच केलाय. त्यामुळे नुसतं गावाचं नाव काढलं तरी आईबाप बिचकतात. मुलांची पहिली भेट जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात व्हावी, जिथे आपण लशी द्यायला जातो तिथेच. (तोवर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, तो फुकट आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.)

मुदतीचंही बघावं लागतं. सूचनांची तारीख एकदा गेली की गेली. तक्रारीला तशी एकच ठरलेली शेवटची तारीख नसते, पण आठवण ताजी असताना लिहिलेली बरी.

शेवटी ताईंनी दोन वेगळे कागद केले. आवक विभागातल्या बाईंनी दोन्ही एकाच टाचणीत लावायला घेतले, तेव्हा ताई म्हणाल्या, 'नाही हो, दोन पोच द्या.'