शेतात सापडलेला दगड: हाड, लाकूड की नुसता खडक?

विहीर खोदताना, शेततळं काढताना किंवा पुराने नदीची दरड ढासळल्यावर कधीकधी असा दगड हाती येतो, की तो नुसता दगड वाटत नाही. कुणाला त्यात हाडाचा सांधा दिसतो, कुणाला अंडं, कुणाला झाडाची फांदी. मग ‘हा कशासारखा दिसतो’ यावरच चर्चा रंगते. पण आकार हा जीवाश्म ओळखण्याचा सगळ्यांत कच्चा पुरावा आहे. दगड कुठल्या थरातून निघाला आणि तो आतून कसा आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्म्याहून अधिक निवाडा घरीच होतो.

थरापासून सुरुवात करू, कारण मराठवाड्यात तोच बहुतेक वेळा निकाल लावतो. या प्रदेशाचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून उसळलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. हा रस हजार अंश सेल्सिअसपेक्षाही जास्त तापलेला होता. त्यात अडकलेलं हाड किंवा पान टिकून राहण्याची आशा जवळजवळ नसते. म्हणून विहिरीतला दगड अखंड काळ्या कातळातून सुरुंग लावून काढलेला असेल, तर त्यात प्राणी शोधण्यात अर्थ नाही, मग तो कितीही हुबेहूब दिसो.

जीवाश्म मिळायची खरी जागा म्हणजे नद्यांचा जुना गाळ. गोदावरी, मांजरा, पूर्णा यांच्या काठांवर पिवळट-तपकिरी मातीच्या उंच दरडी दिसतात आणि त्यांच्या तळाशी वाळू-गोट्यांचा, चुन्याने घट्ट बांधला गेलेला थर असतो. हाडं आणि दात मिळतात ते प्रामुख्याने या गोट्यांच्या थरात. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी हरवाडीजवळ नामशेष हत्तीचे आणि पाणघोड्याचे अवशेष मिळाले आहेत. आज भारतात कुठेच रानात नसलेला पाणघोडा एके काळी मांजरेत डुंबत होता, ही गोष्ट मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी. वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळातून मिळालेल्या हत्तीच्या कवटीची नोंद तर १९०५ सालची आहे. हे सगळे प्राणी प्लाइस्टोसीन, म्हणजे हिमयुगांच्या काळातले. हा काळ ११,७०० वर्षांपूर्वी संपला. डायनोसॉरचा या गाळाशी काही संबंध नाही.

दुसरी जागा अधिक दुर्मीळ. दोन लाव्हांच्या मधे जो निवांत काळ गेला, त्यात तळी साचली, झाडं वाढली आणि पुढच्या लाव्हाने ते सगळं झाकून टाकलं. असे गाळाचे पातळ थर विदर्भात आणि मध्य प्रदेशात अधिक प्रसिद्ध आहेत. मराठवाड्यात नांदेडच्या टोकाला, जिथे लाव्हांचा पसारा विरळ होत जातो, तिथे त्यांची शक्यता जास्त. या थरांत गारगोटीसारखे कठीण झालेले लाकडाचे तुकडे, गोगलगायींचे शंख आणि बिया मिळतात. मात्र दोन कातळांमधे दिसणारा विटकरी लाल पट्टा म्हणजे हा थर नव्हे. ती बहुधा कुजलेल्या लाव्हाची, वरून आलेल्या नव्या लाव्हाने भाजलेली माती असते आणि तिच्यात सहसा काही मिळत नाही.

आता फसवणाऱ्या दगडांकडे वळू. काळ्या पाषाणात इतके नकली जीवाश्म तयार होतात की ते आधी ओळखता आले पाहिजेत.

सगळ्यांत जास्त गोंधळ ‘अंड्यांचा’ होतो. मुरमाच्या खाणीत गोल, पापुद्रे सुटणारे गोळे निघतात. बेसॉल्टला पडलेल्या आडव्या-उभ्या भेगांमधून पाणी मुरतं, ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात आणि कांद्यासारखे एकाखाली एक पापुद्रे सुटत जातात. गोळा फोडला तर आत निळसर काळा, टणक गाभा निघतो. डायनोसॉरचं खरं अंडं गुजरातेत बालासिनोरजवळ किंवा मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात मिळतं, ते लाव्हात नव्हे, गाळाच्या खडकात. त्याला कवच एकच असतं, जेमतेम १ ते ३ मिलिमीटर जाडीचं. ते चुन्याचं असतं आणि भिंगातून पाहिलं की त्याच्यावर बारीक उंचवटे आणि छिद्रं दिसतात. पापुद्रे दोनापेक्षा जास्त सुटत असतील तर अंड्याचा विचार सोडून द्यावा.

लाव्हाच्या तळाशी बोटाएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या तयार होतात आणि नंतर त्या पांढऱ्या खनिजांनी भरतात. त्या मुळांसारख्या किंवा देठांसारख्या दिसतात. छत्रपती संभाजीनगर आणि जालना परिसरातल्या खाणींत पोकळ्यांमधे स्टिलबाइट, स्कोलेसाइट अशी झिओलाइट खनिजं मिळतात. त्यांचे सुईसारखे स्फटिक एका बिंदूतून पसरलेले असले की शिंपला किंवा फूल असल्याचा भास होतो. दोरखंडासारखे पीळ पडलेला लाव्हा सापाच्या कातडीचा आभास देतो. आणि शहाबादी किंवा कोटा फरशीच्या थरावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, ती मँगनीज-लोहाच्या ऑक्साइडची. पाणी बारीक फटीतून झिरपताना ते साचत जातं. खरं पान असेल तर त्याला मधली शीर असते, बाजूच्या शिरा ठरावीक अंतराने फुटतात आणि पानाला कड असते. या नक्षीला यातलं काहीच नसतं, ती फटीपासून सुरू होऊन वाट फुटेल तिकडे फाटे फोडत जाते. शिवाय या दोन्ही फरश्यांचे खडक इतके जुने आहेत की ते तयार झाले तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती.

नदीकाठी आणि काळ्या मातीत मिळणारा कंकर, म्हणजे चुन्याचे वेडेवाकडे गोटे, हा मात्र खरा परीक्षा घेणारा. हाडाच्या सांध्यासारखा फुगीर, पांढरट, हलका, आणि नेमका हाडं मिळतात त्याच थरात असतो. त्यातले नळीसारखे, मधून भोक असलेले तुकडे बहुधा मुळाभोवती चुना साचून बनलेले असतात. असा तुकडा जुन्या गाळातून आला असेल तर तो त्या काळच्या मुळाची खूण असतो, हाड नव्हे.

आकार बाजूला ठेवून आता दगडाच्या आत बघायचं. त्यासाठी दगड फोडू नये. बहुतेक तुकडे कुठेतरी आधीच तुटलेले असतात, तीच बाजू मऊ ब्रशने झाडून घ्यावी. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, म्हणजे घड्याळजी वापरतात तसं, पुरेसं आहे. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि दगड हळूहळू भिंगाकडे आणायचा, साधारण अडीच सेंटीमीटरवर चित्र स्पष्ट होतं. भिंग दगडावर धरून लांबून बघितलं तर काही दिसत नाही आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं. उजेड समोरून नव्हे, बाजूने तिरपा पडू द्यावा.

हाडाच्या तुटलेल्या कडेला बाहेर काही मिलिमीटरचा घट्ट थर दिसतो. आत जाताना तो विरळ होत जाळीत बदलतो. जाळीचे धागे एकमेकांना जोडलेले असतात आणि एखाद्या दिशेने ओढल्यासारखी त्यांची मांडणी असते. लांब हाड असेल तर मधे पोकळी, तीही बहुधा मातीने किंवा चुन्याने भरलेली. सच्छिद्र बेसॉल्टमधली भोकं मात्र बुडबुड्यांची असतात: गोल किंवा लांबट, एकमेकांपासून सुटी, कुठेही विखुरलेली. अनेकदा त्यांच्या आतून हिरवट-निळसर अस्तर आणि मधे पांढरं खनिज दिसतं. घट्ट कडेपासून जाळीपर्यंतचा तो हळूहळू बदल दिसला नाही, तर ते बहुधा हाड नाही. कंकराच्या आतही तो नसतो. तिथे एकजीव चुना आणि मधे मधे वाळूचे कण किंवा काळे खडे अडकलेले दिसतात.

दात ओळखणं तुलनेने सोपं आहे, कारण दाताचं कवच हाडापेक्षा टणक, गुळगुळीत आणि चकाकतं राहतं. हत्तीची दाढ म्हणजे उभ्या पातळ पट्ट्यांची एकाला एक लागून केलेली रांग. चावायच्या पृष्ठभागावर प्रत्येक पट्टीचं आडवं, चपटं कडं उठून दिसतं आणि कड्यांच्या मधे सिमेंटसारखा मऊ भाग झिजलेला असतो. गाय-म्हशीच्या दाढेवर चंद्रकोरीच्या आकाराच्या कडा असतात. पण गुरांचे दात कालच्या बैलाचेही असू शकतात, तिथे थराची नोंदच उपयोगी पडते.

लाकडासाठी माझ्या मते सगळ्यांत विश्वासाची खूण एकच: दोन दिशांनी बघा. आडव्या कडेवर खऱ्या लाकडात बारीक छिद्रं, कडी किंवा मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रेषा दिसतात. उभ्या बाजूवर मात्र सरळ धागे धावतात. ताडामाडाच्या जातीचं असेल तर आडव्या कडेवर कडी नसतात, नुसते ठिपके भरलेले दिसतात. अकीक दगडाचे पट्टे लाकडाच्या कड्यांसारखे भासतात, पण ते पोकळीच्या भिंतीला धरून वळतात आणि कुठूनही पाहिले तरी पट्टेच दिसतात.

शंखाच्या बाबतीत एक छान बारकावा आहे. लाव्हांमधल्या गाळात मिळणारी ‘फायसा’ ही गोगलगाय डावखुरी असते. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरली, तर तोंड डाव्या हाताला येतं. आपल्या नद्यांतल्या बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे असतं. ही खूण एकटी पुरत नाही, कारण आजही काही डावखुऱ्या गोगलगायी आहेत, पण शंख गारगोटीसारखा कठीण झालेला असेल आणि डावखुराही असेल, तर तो तज्ज्ञाला दाखवायलाच हवा.

मग घरगुती चाचण्या. लोखंडी खिळ्याने कोपऱ्यावर ओरखडा काढा. चुन्याच्या दगडावर तो सहज उठतो, गारगोटी झालेल्या लाकडावर उठत नाही, उलट खिळ्याचीच राखाडी रेघ दगडावर उमटते. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा थेंब टाका. चुना असेल तर बुडबुडे येतात. व्हिनेगर सौम्य असल्याने ते मंद असतात, म्हणून खरवडलेल्या भुकटीवर थेंब टाकून भिंगातून बघा. बुडबुडे आले म्हणजे कंकरच, असं मात्र नाही. गाळातल्या हाडाच्या पोकळ्यांतही चुना भरलेला असतो. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, ते हाताला आणि जीवाश्मालाही अपाय करतं. जिभेला चिकटतं ते हाड, ही परीक्षा सर्रास सांगितली जाते. ती सोडून द्या, कारण सच्छिद्र माती आणि कंकरही चिकटतात आणि दगड कुठे पडला होता याची खात्री नसते.

टणक दगड असेल तर घनता काढता येते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आधी कोरडं वजन घ्या. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेला दगड पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला लागणार नाही असा धरा. काट्यावर येतील तितके ग्रॅम म्हणजे तितके घन सेंटीमीटर. समजा दगड ४२० ग्रॅम आणि बुडवल्यावर काटा १५९ दाखवतो, तर घनता २.६४ आली: गारगोटी, अकीक किंवा गारगोटी झालेलं लाकूड. टणक बेसॉल्ट २.८ ते ३ च्या घरात येतो, स्टिलबाइट २.२ च्या आसपास. चुंबक चिकटतो म्हणून कुणी उल्का समजू नये, बेसॉल्टमधे लोहाचं मॅग्नेटाइट असतंच. ठिसूळ हाड मात्र कधीही पाण्यात बुडवू नका, ते भुगा होऊन हाती येईल.

तेर, पैठण, भोकरदन अशा जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडांवर हाडं आणि काचेसारखे फेसाळ गोळे दिसतात. गोळे म्हणजे बहुधा भट्टीची मळी, भट्टीत वितळून थिजलेला टाकाऊ भाग, आणि हाडं माणसांच्या वस्तीतली. हा पुरातत्त्वाचा विषय आहे, तिथे काहीही उकरू नये.

हाड किंवा दात असल्याचा संशय पक्का झाला, तर पुढचा अर्धा तास महत्त्वाचा. उपटून काढू नका. बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवून जवळून आणि लांबून फोटो घ्या, लांबच्या फोटोत दरडीचे सगळे थर दिसू द्या. मोबाईलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदवा आणि जमिनीच्या पृष्ठभागापासूनची खोली मोजा. दगड पात्रात सुटा मिळाला असेल तर तसं स्पष्ट लिहा. तो झिजून गुळगुळीत झाला असेल तर लांबून वाहत आलाय, कडा धारदार असतील तर वरच्या अंगाची दरड जवळून तपासा. उचलावाच लागला तर धुऊ नका, उन्हात ठेवू नका. ओली माती भरभर वाळली की आकसते आणि हाडाला तडे जातात. वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत काही दिवस सावकाश वाळू द्या. फेव्हिकॉल किंवा फेव्हिक्विक लावू नका. चिकटवलेला तुकडा नीट सोडवणं फार कठीण जातं आणि डिंकामुळे रासायनिक तपासणी बिघडते.

हाडं-दातांसाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज, खडक आणि थरांसाठी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातला भूशास्त्र विभाग किंवा नागपूरचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, वनस्पतींसाठी लखनऊची बिरबल साहनी संस्था. आधी फोटो आणि नोंद पाठवा, दगड मागितल्याशिवाय नाही. लाकूड असेल तर प्रयोगशाळेत त्याचे तीन दिशांनी, जेमतेम ०.०३ मिलिमीटर जाडीचे काप घासून तयार करतात आणि पेशींच्या मांडणीवरून झाडाचं कुळ ठरवतात. त्यासाठी दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे पुरतात, म्हणून मोठ्या दगडाजवळ पडलेल्या कपच्याही वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी घालून जपून ठेवा.